दुधावर पहिला हक्क कोणाचा?



आमच्या मराठी भाषेत दुधाविषयी बोलण्याच्या तीन रीती आहेत. 'गाय दूध देते' ही पहिली रीत. ती मुलांच्या पहिल्या पुस्तकात सापडते. 'आम्ही धार काढतो' ही दुसरी. ती गोठ्यात ऐकू येते. 'गाय पान्हा सोडते' ही तिसरी. आणि हा पान्हा ती कोणासाठी सोडते, हे ज्याने एकदा वासरू कासेला लागताना पाहिले आहे त्यास सांगावे लागत नाही. पहिल्या बोलात दान आहे, दुसऱ्यात घेणे आहे, आणि तिसऱ्यात मायलेकरांचे नाते आहे. त्या नात्यात आमचे नाव कोठेच येत नाही. तर मग आमच्या पेल्यातील दूध हे दान समजावे, मजुरी समजावी, की चोरी समजावी?

हा प्रश्न रिकामपणी चघळावयाचा नव्हे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत दुधाशी ज्याचा संबंध नाही असे कुटुंब क्वचितच आढळेल. कोणाच्या दारी दोन संकरित गाई आहेत, कोणी दुसऱ्याच्या गोठ्यात शेणगोठा करून पोट भरितो, कोणी संकलन केंद्रावर दूध मापतो, आणि विकत तर पुष्कळच घेतात. दुधाने आमच्या लोकांचे मोठे भले केले आहे, हे प्रथम कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९४६ साली गुजराथेतील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी आणंद येथे आपला सहकारी संघ स्थापिला. १९७० साली त्याच धर्तीवर देशभर दुधाची मोठी योजना सुरू झाली, आणि १९९८ पासून आपला देश दुधाच्या उत्पादनात जगात पहिला आहे. २०२३-२४ ह्या वर्षी देशात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध निघाले. ज्या कोरडवाहू घरात पूर्वी वर्षातून एकदा, पीक विकल्यावरच, पैसा दिसे, त्या घरात आता दर दहा-पंधरा दिवसांनी दुधाचा हिशेब होऊन चार पैसे हाती येतात. त्या पैशावर मुलांची शाळा चालते, आजाऱ्याचे औषध येते, आणि रविवारी मंडळीच्या ताटात दान पडते. अशा धंद्याविषयी जो प्रश्न उत्पन्न होतो तो आमच्या घराच्या चुलीपर्यंत येतो, म्हणून त्याचा विचार प्रभूसमोर करणे अवश्य आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शब्बाथ शाळेच्या एकवीस मुलांस घेऊन प्रवरेच्या काठी असलेल्या एका कुटुंबाचा गोठा व दुग्धालय पाहावयास गेलो होतो. कुटुंब म्हणजे वृद्ध घरधनी, त्याची पत्नी, दोन मुलगे, सुना व नातवंडे, चाकर एकच. गाई अठरा, त्यांपैकी चौदा दुभत्या. काही दूध ते संघास घालितात, आणि काहीचे घरीच तूप, पनीर व दही करून तालुक्याच्या गावी विकतात. मुलांनी गव्हाणीतला मुरघास हातात घेऊन त्याचा आंबूस वास घेतला. ज्या चाऱ्याने मनुष्याचे पोट भरत नाही तो गाय आपल्या चार कप्प्यांच्या पोटात कसा मुरविते, आणि मग निवांत बसून रवंथ कसा करिते, हे धाकट्या मुलाने त्यांस समजावून सांगितले. पुढे दुग्धालयात मलई काढण्याचे यंत्र पाहिले. स्वीडन देशाच्या गुस्ताफ द लावाल ह्याने १८७८ साली काढिलेल्या युक्तीवरच ते आजही चालते: दूध एका भांड्यात अतिशय वेगाने फिरविले म्हणजे जड भाग बाहेरच्या कडेस जातो आणि हलकी मलई मध्यभागी राहते. एका तोंडातून मलई व दुसऱ्यातून साय काढलेले दूध वाहताना पाहून मुले थक्क झाली. मोठ्या भांड्यात दूध ६३ अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून ते निर्दोष कसे करितात, हेही त्यांनी पाहिले. ओसरीवर घरच्या आजीने त्यांच्या हाती रवी दिली व पाळीपाळीने ताक घुसळविले. लोण्याचा गोळा वर आला तेव्हा आजी म्हणाली, "गाईचे वीस-पंचवीस लिटर दूध असावे, तेव्हा एक किलो लोणी निघते. म्हणून लोणी बोटाने चाटावे, ओंजळीने खाऊ नये."

मग मुले वासरांच्या कुडाशी गेली. दुपारच्या धारेची वेळ झाली होती. कुडात नऊ वासरे होती, आणि पलीकडे त्यांच्या आया दावणीला उभ्या होत्या. एक वासरू हंबरले, पलीकडून गाईने उत्तर दिले. तेव्हा एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने घरधन्यास विचारिले, "आजोबा, गाईला दूध कोणासाठी येते?"

"वासरासाठी, बाळ."

"मग ते आपण का घेतो?"

आमच्याबरोबरचे उपदेशक बंधू तिला गप्प करू लागले. पण घरधनी म्हणाला, "राहू द्या, मास्तर. पोरीने बरोबर विचारले." त्याने मुलांस भिंतीजवळ नेले. तेथे पाटीवर प्रत्येक वासराच्या पुढे किती लिटर दूध पाजावयाचे ते खडूने लिहिलेले होते. "आमच्याकडे आधी ह्यांची बादली भरते, मग केंद्राची किटली. उलटे केले तर वासराच्या वाट्याला उरलेसुरले येते. आणि उरत कधीच नाही." हे ऐकून मागे उभा असलेला एक मुलगा सहज बोलून गेला, "आमच्या घरी सगळेच केंद्रावर जाते. आम्ही कोरा चहा पितो." मुले हसली. आम्हांस हसू आले नाही.

मुलीचा प्रश्न कुडातील वासराविषयी होता आणि मुलाचे बोलणे घरातील लेकराविषयी होते. परंतु विचार करिता दोन्ही एकच आहेत. ज्याच्यासाठी दूध आहे आणि ज्याला ते मागता येत नाही, त्याच्या वाट्याचे काय? ह्या प्रश्नास लोक सामान्यतः तीन उत्तरे देतात. ती एकेक करून पाहू.

पहिले उत्तर असे की, देवाने मनुष्यास पशूंवर अधिकार दिला आहे, मग विचारावयाचे काय? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात असा अधिकार दिला आहे, हे खरे. पण त्याच ठिकाणी दोनच वचने पुढे वाचावे. तेथे देव पृथ्वीवरील पशूंसही त्यांचे अन्न स्वतः नेमून देतो. म्हणजे ज्या घटकेस अधिकार दिला त्याच घटकेस पशूचा वाटाही ठरविला. पाटलाकडे गाव सोपविला म्हणून गावाचे धान्य त्याचे होत नाही. स्तोत्र ५० मध्ये देव सांगतो की डोंगरांवरील गुरे त्याचीच आहेत. आमच्या दावणीची गुरे त्यातून वगळलेली नाहीत. म्हणून अधिकाराचे उत्तर खरे असले तरी ते आमचा प्रश्न मिटवीत नाही, उलट आम्हांस हिशेब द्यावयास उभे करिते.

दुसरे उत्तर असे की, गाईला वासराच्या गरजेहून अधिक दूध येते. अधिक घेतले तर बिघडले कोठे? ह्या उत्तरात पुष्कळ तथ्य आहे. तीस-पस्तीस किलो वजनाच्या वासरास दिवसाकाठी साधारण तीन ते चार लिटर दूध पुरते, आणि चांगली संकरित गाय दहा, पंधरा लिटर किंवा त्याहूनही अधिक दूध देते. हे अधिक दूध आले कोठून? पिढ्यानपिढ्या माणसाने निवड केली, दूरदूरच्या जाती आणिल्या, चारा पिकविला, पेंड विकत आणिली, रात्री-अपरात्री उठून आजारी गाईची शुश्रूषा केली. त्या श्रमाचे फळ त्याने घेऊ नये असे देवाचे वचन म्हणत नाही. जो कळप चारितो तो त्याचे दूध पिणार नाही काय, असे पौल करिंथकरांस विचारितो, आणि हे त्यास इतके उघड वाटते की तो त्याचे उत्तरही देत नाही. अब्राहामाने आपल्या पाहुण्यांपुढे दही-दूध ठेविले, आणि ते पाहुणे देवाकडून आलेले होते. आज काही लोक दयेपोटी दूध मुळीच घेत नाहीत. त्यांच्या दयेची आम्ही थट्टा करीत नाही, तरी दूध घेणे हे पाप आहे असे आम्हांस शास्त्रात दिसत नाही. पण ह्या उत्तराच्या आतच एक अट दडलेली आहे. जे अधिक आहे ते आमचे, असे म्हटले म्हणजे जे अधिक नाही ते आमचे नव्हे, हेही त्याच तोंडाने कबूल केले. उरलेले ते आमचे, असे म्हणणाऱ्याने आधी वासरास पाजिले पाहिजे; एरवी उरले किती हे त्यास कळणार कसे?

तिसरे उत्तर शहाण्या माणसाचे आहे. तो म्हणतो, वासरास पोटभर पाजावे, कारण त्यातच लाभ आहे. आजची कालवड अडीच-तीन वर्षांनी गाय होईल. तिला उपाशी ठेविले तर नुकसान आपलेच. हेही खरे आहे, आणि पशुवैद्य हेच सांगतात. विशेषतः चिकाचे दूध. मनुष्याच्या मुलास आईच्या उदरातच रोगांशी झुंजण्याची काही शक्ती मिळते. गाईच्या वासरास ती चिकातूनच मिळावयाची असते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत सुमारे तीन लिटर चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. एक दिवस उलटला म्हणजे त्याच्या आतड्यास ती शक्ती शोषून घेता येत नाही. आमच्याकडे गाय व्याली की शेजारीपाजारी खरवस मागतात. खरवस गोड खरा. परंतु वासराच्या पोटात त्याचा वाटा जाण्याच्या आधी जो खरवस शिजतो, त्यात वासराचे आयुष्य शिजत असते.

तरीही लाभाचे हे उत्तर पुरे पडत नाही. आणि ते कोठे अपुरे पडते हे दाखविणे हाच ह्या लेखाचा मुख्य हेतू आहे. कालवडीचा लाभ आहे, गोऱ्ह्याचे काय? पूर्वी गोऱ्हा झाला म्हणजे घरात बैल आला असे म्हणत. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि संकरित गोऱ्हा औताला फारसा कोणी जुंपीत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू ह्यांची कत्तल कायद्याने बंद आहे. ह्या कायद्याविषयी लोकांची मते भिन्न असोत. आमचा प्रश्न कायद्याचा नाही. प्रश्न असा की, ज्याचा दूध म्हणून, औत म्हणून किंवा किंमत म्हणून काहीच उपयोग उरला नाही, त्या गोऱ्ह्यास कित्येक गोठ्यांत मुद्दाम अर्धपोटी ठेवितात, आणि तो आठ-पंधरा दिवसांत मरतो. त्यास कोणी मारिले असे म्हणत नाहीत. तो 'गेला' असे म्हणतात. आता दहापैकी नऊ वासरे कालवडीच व्हाव्या अशी निवडलेल्या रेताची युक्ती निघाली आहे. ती चांगलीच आहे. परंतु दहावा गोऱ्हा जन्मास येतोच, आणि आमची परीक्षा त्या दहाव्याच्या ठिकाणीच होते. जे वासरू पुढे पैसे फेडील त्यासच पाजणे ह्याला भांडवल गुंतविणे म्हणतात. जे कधीच काही फेडणार नाही त्याला त्याच्या वाट्याचे देणे ह्याला न्याय म्हणतात. बाहेरून दोन्ही बादल्या सारख्याच दिसतात; गोऱ्हा पुढे आला म्हणजे मात्र आपली बादली कोणती होती हे प्रत्येकास कळते.

आता पवित्र शास्त्र काय शिकविते ते पाहू. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात व लेवीयाच्या बाविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांस आज्ञा करितो की, जन्मलेले वासरू किंवा कोकरू सात दिवस आपल्या आईजवळ राहू द्यावे. आठव्या दिवसापासून ते अर्पणास चालेल. हे लक्षात घ्या की ही आज्ञा अर्पणाविषयी आहे. म्हणजे स्वतः देवाचा वाटा आठव्या दिवशी सुरू होतो, आणि पहिले सात दिवस मायलेकरांचे आहेत. ज्या प्रभूचे सर्व काही आहे तो जर वासराच्या मागे रांगेत उभा राहतो, तर आमच्या किटलीने त्याच्या पुढे धावावे काय?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक वृत्तांत आहे. पलिष्ट्यांनी कराराचा कोश परत पाठविताना गाडीस दोन दुभत्या गाई जुंपिल्या आणि त्यांची वासरे घरी कोंडून ठेविली. गाई सरळ वाटेने गेल्या. इकडे तिकडे वळल्या नाहीत. देवाचे कार्य त्यांनी केले. परंतु लिहिणाऱ्याने एक गोष्ट गाळिली नाही: त्या हंबरत गेल्या. एवढा थोर प्रसंग, कोश स्वदेशी परत येत आहे, तरी त्या आयांचे हंबरणे पवित्र शास्त्राने लिहून ठेविले आहे. चांगल्या कामासाठी घेतले म्हणून ज्याच्याकडून घेतले त्याचे दुःख नाहीसे होत नाही, आणि देवाच्या कानी ते पडत नाही असेही नाही.

आणि उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात याकोबाचे एक वाक्य आहे. त्याचा आशय प्रत्येक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. एसाव त्यास म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. याकोब उत्तर देतो की, माझी लेकरे कोवळी आहेत, आणि माझ्या कळपातील जनावरे पाजती आहेत. एक दिवस त्यांस दामटले तर ती मरतील. म्हणून त्यांना झेपेल त्याच चालीने मी हळूहळू येईन. याकोब तरुणपणी दुसऱ्याचा वाटा युक्तीने घेणारा पुरुष होता, हे आम्हांस ठाऊक आहे. देवाने त्यास वीस वर्षे कळपामागे चालविले, आणि ह्या अध्यायात तो सर्वांत दुबळ्याची चाल हीच साऱ्या काफिल्याची चाल करितो. त्याने लेकरे व पाजती जनावरे एकाच वाक्यात घेतली आहेत. आमच्या शब्बाथ शाळेच्या दोन मुलांनीही त्या दिवशी नकळत तसेच केले.

तर ह्या शिकवणीचा आमच्या नित्याच्या आयुष्यात अर्थ काय होतो? चार गोष्टी आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट वासराची. चीक आधी त्यास, मग खरवस. पुढे दूध आधी त्यास, मग किटली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरी चार सडांपैकी एक सड वासरासाठी सोडीत असत. संकरित गोठ्यात ही रीत चालत नसेल तर मापाची बादली चालेल, पण माप ठरलेले असावे आणि ते गोऱ्ह्यास व कालवडीस सारखे असावे. वासराच्या स्पर्शाने सुटावयाचा पान्हा सुईने ओढून काढण्याची जी चाल काही ठिकाणी पडली आहे ती विश्वासणाऱ्याच्या गोठ्यात नसावी. जनावराच्या आरोग्यास अपाय करणारी अशी टोचणी १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविली आहे. पण कायदा नसता तरी ते आईशी केलेले कपट आहे.

दुसरी गोष्ट घरातील लेकराची. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे पस्तीस बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. ह्याचे कारण एकटे दूध नाही. तरी ज्या देशात जगात सर्वांत अधिक दूध निघते त्या देशात हे व्हावे, हे विचार करण्याजोगे आहे. नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी शलमोन कळपाच्या मालकास सांगतो की, बकऱ्यांचे दूध तुला, तुझ्या घराला आणि तुझ्या दासींनाही पुरेल. तेथे बाजाराचे नाव नाही. बाजारास घालू नये असे आम्ही म्हणत नाही. पण घरातील लेकराचा पेला भरण्याच्या आधी किटलीचे झाकण लागू नये.

तिसरी गोष्ट चाकराची. दासींचा उल्लेख शलमोनाने विसरून केलेला नाही. जो मनुष्य पहाटे चार वाजता येऊन शेण काढितो आणि चौदा गाई पिळितो, त्याच्या घरी दूध जाते काय, हे धन्याने पाहावे. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये, ही अनुवादातील आज्ञा पौलाने पुढे मनुष्याच्या कामास लावून दाखविली आहे.

चौथी गोष्ट विकत घेणाऱ्याची. शहरातील ज्या बाळाच्या बाटलीत आमचे दूध जाते ते बाळ आम्हांस कधी दिसणार नाही, आणि त्याला तक्रारही करिता येणार नाही. केंद्रावर गाईच्या दुधास साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफ लागते म्हणून पाण्याबरोबर आणखी काही मिसळून यंत्रास फसविणारे लोक आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ मूळ हेल्लेणी भाषेत पाहिला तर तेथे एक मार्मिक गोष्ट आढळते. पहिल्या वचनात टाकून द्यावयाच्या गोष्टींत 'दोलोस', म्हणजे कपट, हा शब्द आहे; आणि दुसऱ्या वचनात ज्या दुधाची इच्छा धरावी त्यास 'आदोलोन', म्हणजे ज्यात कपट नाही असे, म्हटले आहे. प्रेषिताच्या मते भेसळ आणि कपट एकाच मुळाची फळे आहेत. कपट न टाकिता निर्भेळ वचनाची भूक धरणे शक्य नाही. रविवारी वचनाचे शुद्ध दूध मागावे आणि सोमवारी किटलीत पाणी घालावे, हे दोन्ही एका मनुष्यात फार दिवस टिकत नाही. एकाने दुसऱ्यास घालविलेच पाहिजे.

येथे एखादी विधवा बहीण आम्हांस म्हणेल: "पाळकसाहेब, माझ्या दारी एकच गाय. सकाळ-संध्याकाळ मिळून आठ लिटर दूध. गाईसाठी काढिलेल्या कर्जाचा हप्ता त्याच दुधातून कापून जातो. लेकरास पेला आणि वासरास बादली दिली तर हप्ता चुकेल, आणि हप्ता चुकला तर गाय जाईल. मग पेलाही गेला आणि बादलीही गेली." ह्या बहिणीस उपदेश करणे सोपे आहे, म्हणूनच तो आम्ही करणार नाही. जिला स्वतःच्या ताटातच पुरेसे नाही तिच्यावर न्यायाचे सारे ओझे टाकणे हा अन्याय होईल. तिच्याविषयी प्रश्न मंडळीस विचारिला पाहिजे. पाटीवर वासराच्या नावापुढे लिटर लिहिणे ज्याला परवडते अशी दोन-चार घरे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांनी आपल्या घरचा एक लिटर तिच्या लेकरांकडे पाठविला, किंवा मंडळीने तिचा एखादा हप्ता उचलला, तर तिच्या गोठ्यातील वासरासही त्याचे दूध मिळेल. तिनेही एवढे करावे: दूध थोडे का असेना, पहिला घोट कोणाचा हे घरात ठरवून ठेवावे. विधवेच्या दोन टोल्या प्रभूने मोजल्या, तसाच तिचा अर्धा पेलाही तो मोजील.

शेवटी उपदेशक व शिक्षक बंधूंस एक विनंती. मुलांस गोठा दाखवा. शहरातील मुलांस दूध पिशवीतून येते असे वाटते, म्हणून त्यांस गोठा दाखवितात. आमच्या खेड्यांतील मुलांचा अपाय निराळा आहे. ती रोज गोठा पाहतात, आणि रोज पाहिल्यामुळे त्यांस तो दिसेनासा होतो. म्हणून त्यांस एखाद्या चांगल्या गोठ्यात नेऊन पान्हा, धार, वासरू, मलई व किटली हे सर्व क्रमाने दाखवावे, आणि नंतर त्यांस प्रश्न विचारू द्यावे. मूल अडचणीचा प्रश्न विचारील तेव्हा त्यास गप्प करू नये, आणि गोड खोटेही सांगू नये. 'गाय आपल्याला आनंदाने दूध देते' हे सांगण्यापेक्षा 'गाईला दूध वासरासाठी येते. आपण त्यात वाटा घेतो, म्हणून वासराचा वाटा राखणे आपल्यावर आहे' असे सांगावे. एवढे सत्य आठ वर्षांच्या मुलास पेलते. कित्येकदा ते मोठ्या माणसासच पेलत नाही, कारण मुलास किटलीचा हिशेब द्यावयाचा नसतो. ज्या वयात मन वासराच्या हंबरण्याने हलते त्याच वयात हा क्रम त्यास लाविला, तर पुढे ते मूल तराजूशी बसेल, मजुरी वाटील किंवा पंचायतीत निवाडा करील, तेव्हाही दुबळ्याचा वाटा आधी काढण्याची सवय त्याच्या हातास राहील.

तर मग आमच्या पेल्यातील दूध दान आहे, मजुरी आहे, की चोरी आहे? प्रिय वाचकहो, दूध तिन्ही होऊ शकते, आणि ते त्यांपैकी काय होते हे पहिली धार कोणाकडे गेली त्यावर ठरते. वासरू, लेकरू व चाकर ह्यांचा वाटा निघाल्यावर जे आमच्या हाती येते ती श्रमाची रास्त मजुरी आहे. ज्या देवाने गवताचे दूध करण्याची शक्ती गाईस दिली त्याचे स्मरण करून ते प्यालो तर ते दान आहे. परंतु त्यांच्या तोंडचे काढून घेतलेले दूध, आम्ही त्यावर कितीही उपकारस्तुती केली तरी, चोरीच राहते. आपल्या लेकुरवाळ्यांस जपून चालविणारा आमचा मेंढपाळ आम्हांस त्याच चालीने चालण्याची कृपा देवो, आणि आमच्या प्रत्येक गोठ्यात आधी बादली व मग किटली भरो.